अधिकाऱ्यांचे नेतृत्व-मार्गदर्शन : परिणाम कसा साधावा व कसा मोजावा

शिकविले गेले म्हणजे शिकले गेले असे होत नाही, ही गोष्ट वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकास कोणी सांगावयास नको. फळ्यावर भागाकाराची रीत समजावून दिली, मुलांनी ती वहीत उतरून घेतली, आणि तरीही आठ दिवसांनी दिलेले उदाहरण निम्म्या वर्गास सुटले नाही, हा अनुभव आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. म्हणूनच आपण चाचणी घेतो. आणि चाचणीत मुले मागे पडली तर पहिला प्रश्न स्वतःच्या अध्यापनासंबंधी विचारतो.

हाच प्रश्न मोठमोठ्या कंपन्यांपुढेही अनेक वर्षे उभा आहे. कामगार व कर्मचारी यांच्याकडून काम करवून घेणाऱ्या अधिकाऱ्यांस नेतृत्वाचे शिक्षण देण्यासाठी कंपन्या पुष्कळ पैसा व वेळ खर्च करतात. त्या खर्चाने अधिकारी खरोखर बदलला काय, आणि बदलला असेल तर ते कशावरून म्हणावयाचे, याचा शोध काही ठिकाणी अतिशय काटेकोरपणे घेतला गेला आहे. मुख्याध्यापक व केंद्रप्रमुख यांच्यासाठी नेतृत्व-प्रशिक्षणाचे वर्ग आपल्याकडेही भरतात व त्यांतील बऱ्याच कल्पना उद्योगक्षेत्रातूनच आलेल्या असतात. यास्तव त्या कल्पनांपैकी कोणत्या कसोटीस उतरल्या, हे शिक्षकांनी जाणून घेणे उपयुक्त ठरेल.

मार्गदर्शन म्हणजे काय?

कंपन्यांत या कार्यास ‘कोचिंग’ म्हणतात. आपल्या गावांत या शब्दाचा अर्थ परीक्षेची तयारी करून घेणारा खाजगी वर्ग असा रूढ झाला आहे. तो अर्थ येथे अभिप्रेत नाही. हा शब्द मूळचा हंगेरीतील कोच नावाच्या गावचा. त्या गावी बनणाऱ्या घोडागाडीस तेच नाव पडले, आणि पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील विद्यार्थी आपणांस परीक्षेच्या पैलतीरी नेऊन पोहोचविणाऱ्या शिक्षकास गमतीने तसे म्हणू लागले. मनुष्यास तो आहे तेथून त्याला जेथे जावयाचे आहे तेथे नेणे, हा त्यातील आशय आजही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

तीन गोष्टींतील भेद येथे स्पष्ट केला पाहिजे. अनेकांना एकत्र बसवून एकच पाठ देणे हे प्रशिक्षण. ठरलेल्या नियमांप्रमाणे काम झाले की नाही हे पाहणे ही तपासणी. एका अनुभवी व्यक्तीने एका अधिकाऱ्याबरोबर काही महिने वारंवार बसून, त्याच्याच रोजच्या कामातील अडचणींवर प्रश्न विचारीत, त्याचे काम पाहत, त्याला स्वतःचा मार्ग शोधावयास लावणे हे मार्गदर्शन. तिन्ही आवश्यक आहेत; परंतु एकाचे काम दुसऱ्याने होत नाही.

चार पायऱ्या

अशा शिक्षणाचा परिणाम मोजण्याची सर्वांत प्रसिद्ध पद्धत अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली मांडली. तिच्यात चार पायऱ्या आहेत. समजा, कामगारांची तक्रार पुरती ऐकून न घेताच निकाल देऊन टाकणारा एक खातेप्रमुख आहे, व त्यास ही सवय सोडविण्यासाठी मार्गदर्शक दिला आहे.

(१) प्रतिक्रिया : मार्गदर्शन त्यास आवडले काय, उपयुक्त वाटले काय?

(२) अध्ययन : तक्रार कशी ऐकावी, कोणते प्रश्न विचारावेत, हे त्यास आता कळले काय?

(३) वर्तन : आपल्या खात्यात परतल्यावर तो प्रत्यक्ष तसे वागतो काय?

(४) फलित : त्याच्या वागण्यातील बदलामुळे खात्याच्या कामात काही फरक पडला काय? तक्रारी लवकर मिटू लागल्या काय? माणसे नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण घटले काय?

पहिल्या पायरीवरील यश म्हणजे चौथ्या पायरीवरील यश नव्हे. वर्ग अत्यंत रंगला, सर्वांनी अभिप्राय उत्तम लिहिला, आणि वर्तनात मात्र तिळमात्र फरक नाही, असे घडू शकते व वारंवार घडते. किती जण हजर होते, किती तास वर्ग चालला, हे आकडे तर पहिल्या पायरीवरही बसत नाहीत. ते केवळ खर्चाचे आकडे आहेत, परिणामाचे नव्हेत. तथापि अहवालात बहुधा तेच मोठ्या अक्षरांत दिसतात, कारण ते गोळा करणे सोपे असते.

हार्वेस्टर कंपनीतील फोरमन

दुसऱ्या व तिसऱ्या पायरीमधील अंतर किती मोठे असते, हे एडविन फ्लाइशमन या मानसशास्त्रज्ञाने १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून दिसून आले. शेतीची यंत्रे व मालमोटारी बनविणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीने आपल्या फोरमन लोकांसाठी शिकागो येथे शाळा चालविली होती. हाताखालच्या माणसांशी समजुतीने कसे वागावे, हा तेथील शिक्षणाचा एक मुख्य भाग होता. शिक्षण संपताच घेतलेल्या चाचणीत फोरमन लोकांच्या विचारांत इष्ट बदल दिसून आला. एवढ्यावरच अभ्यास थांबला असता तर शाळा यशस्वी ठरली असती.

परंतु फ्लाइशमन यांनी कारखान्यात जाऊन पुन्हा पाहणी केली, व फोरमनबरोबर त्याच्या हाताखालील कामगारांनाही विचारले. तेव्हा असे आढळले की, शाळेत झालेला बदल कामावर परतल्यावर टिकला नव्हता. फोरमन आपल्या माणसांशी कसा वागतो, हे तो शाळेत जाऊन आला की नाही यापेक्षा, त्याचा स्वतःचा वरिष्ठ त्याच्याशी कसा वागतो यावर अधिक अवलंबून होते. ज्याचा वरिष्ठ समजूतदार, तो फोरमनही तसा. ज्याचा वरिष्ठ केवळ हुकूम सोडणारा, त्या फोरमनने शाळेतील धडा फाटकाबाहेरच ठेवला.

या अभ्यासास सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला. त्याचे तात्पर्य मात्र जुने झालेले नाही. एकट्या माणसास शिकवून त्यास जुन्याच वातावरणात परत पाठविले, तर वातावरण जिंकते. म्हणून मार्गदर्शन सुरू करण्यापूर्वी त्या अधिकाऱ्याच्या वरिष्ठास विचारले पाहिजे : हा बदलला तर आपण त्यास साथ देणार आहात काय, व त्यासाठी आपण स्वतः काय बदलणार आहात?

तारापूरचे कापड-कारखाने

दुसरे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातील आहे. तारापूर, जे आता पालघर जिल्ह्यात येते, व शेजारचे गुजरातेतील उंबरगाव येथे कापड विणणारे अनेक कारखाने आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठ व जागतिक बँक यांच्याशी संबंधित असलेल्या निकोलस ब्लूम, डेव्हिड मॅकेन्झी, अप्रजित महाजन आदी अर्थशास्त्रज्ञांनी २००८ सालापासून तेथील १७ कंपन्यांवर एक प्रयोग केला. त्याचा वृत्तान्त २०१३ साली प्रसिद्ध झाला. येथे व्यवस्थापकाच्या स्वभावाऐवजी त्याच्या रोजच्या कामाच्या पद्धतींवर भर होता, एवढा फरक ध्यानी घ्यावा.

चिठ्ठ्या टाकून निवड करावी तशा रीतीने ११ कंपन्या एका गटात व ६ कंपन्या दुसऱ्या गटात घालण्यात आल्या. पहिल्या गटातील कारखान्यांत सल्लागार पाच महिने येत राहिले : एक महिना पाहणीसाठी व चार महिने सुधारणा अंगवळणी पाडण्यासाठी. दुसऱ्या गटास केवळ एक महिन्याची पाहणी मिळाली. कोणत्या गोष्टी सुधारावयाच्या, याची ३८ पद्धतींची यादी आधीच निश्चित केलेली होती. या पद्धती अगदी साध्या होत्या : कापडातील दोषांची नोंद करून त्यांची कारणे रोज बैठकीत पाहणे, यंत्रांची वेळच्या वेळी निगा राखणे, सूत व सुटे भाग नीट मांडून त्यांचा हिशेब ठेवणे, आणि प्रत्येकाचे काम ठरवून देणे. पूर्वी दोषांची नोंद होत असे. पण ती ग्राहकाशी वाद पडला तर उपयोगी पडावी म्हणून. दोष का येतो, हे शोधण्यासाठी ती कोणी पाहत नसे.

परिणाम असा झाला की, मार्गदर्शन मिळालेल्या कारखान्यांत कापडातील दोष सुमारे ४३ टक्क्यांनी घटले व पहिल्या वर्षात उत्पादकता सुमारे १७ टक्क्यांनी वाढली. हे आकडे विश्वसनीय ठरतात ते तुलनेच्या गटामुळे. त्या काळात सुताचे भाव, मागणी वा वीजपुरवठा यांत काही फेरफार झाला असता, तर तो दोन्ही गटांना सारखाच लागू पडला असता.

या अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट केली, जी फारच थोडे लोक करतात. नऊ वर्षांनी ते पुन्हा त्याच कारखान्यांत गेले. तेव्हा स्वीकारलेल्या पद्धतींपैकी जवळजवळ निम्म्या सुटलेल्या आढळल्या. तथापि तुलनेच्या गटापेक्षा ते कारखाने अजूनही बरेच पुढे होते. पद्धती का सुटल्या, याची जी कारणे पुष्कळदा सांगण्यात आली त्यांत दोन प्रमुख होती : जाणता व्यवस्थापक सोडून गेला, आणि संचालकांना तिकडे लक्ष देण्यास वेळ उरला नाही. हार्वेस्टरच्या फोरमनची कहाणी पुन्हा निराळ्या देशात, निराळ्या काळी दिसते ती येथे. बदल सुरू करणे मार्गदर्शकाच्या हाती असते. तो टिकविणे वरिष्ठाच्या हाती असते.

ध्येय वर्तनाच्या भाषेत लिहावे

‘नेतृत्वगुण वाढविणे’, ‘आत्मविश्वास निर्माण करणे’ अशी ध्येये ऐकावयास चांगली वाटतात. परंतु ती मोजता येत नाहीत, कारण ती डोळ्यांना दिसत नाहीत. ‘विद्यार्थ्यांत गणिताची आवड निर्माण करणे’ असे पाठ-टाचणात लिहून चाचणी कशी घेणार? तेथे आपण ‘हातच्याची बेरीज अचूक करतो’ असे लिहितो. कंपन्यांनाही हेच शिकावे लागले.

गूगल या कंपनीने २००२ साली अभियंत्यांच्या विभागात मधले व्यवस्थापक नसावेत असा प्रयोग करून पाहिला. तो काही महिन्यांतच सोडून द्यावा लागला. पुढे २००९ च्या सुमारास त्या कंपनीने आपल्याच नोंदी तपासून चांगला व्यवस्थापक कोणत्या वागणुकीने ओळखू येतो याचा शोध घेतला. त्यातून आठ गोष्टी निघाल्या. पहिली, तो हाताखालच्यांस चांगले मार्गदर्शन करतो. दुसरी, तो प्रत्येक बारीकसारीक गोष्टीत हात घालीत नाही. तांत्रिक ज्ञान हवे, पण ते यादीत शेवटी आले. या गोष्टींविषयीचे प्रश्न अधिकाऱ्याच्या हाताखालील माणसांनाच विचारले जात, आणि त्यांची उत्तरे सुधारणेसाठी वापरली जात. वार्षिक कामगिरीच्या मूल्यमापनापासून ती वेगळी ठेवलेली होती. हा भेद महत्त्वाचा आहे. ज्या उत्तराने बढती रोखली जाईल ते उत्तर कोणी मोकळेपणाने देत नाही व कोणी मोकळेपणाने ऐकतही नाही.

मार्शल गोल्डस्मिथ व हॉवर्ड मॉर्गन यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेली पाहणीही याच दिशेची आहे. आठ कंपन्यांतील ११ हजारांहून अधिक अधिकारी व त्यांच्याविषयी मत देणारे सुमारे ८६ हजार सहकारी तिच्यात होते. पद्धत सरळ होती : अधिकाऱ्याने सुधारावयाची एक-दोन वर्तने निवडावीत, ती सहकाऱ्यांस उघडपणे सांगावीत, आणि पुढे वेळोवेळी त्यांच्याकडे जाऊन ‘माझ्यात फरक दिसतो काय, पुढे काय करावे?’ असे विचारीत राहावे. ज्यांनी नियमाने विचारणा केली ते सुधारले असे सहकाऱ्यांनी सांगितले; ज्यांनी वर्ग संपताच विषय सोडून दिला त्यांच्यात फारसा बदल कोणास दिसला नाही. वर्गात बसणे दोघांसही सारखेच लाभले होते. फरक पडला तो नंतरच्या पाठपुराव्याने.

मोजताना होणारी फसगत

मोजमाप केले म्हणजे सत्य हाती लागले असे नव्हे. तीन ठिकाणी विशेष सावध असावे.

पहिली फसगत स्वतःच्या साक्षीची. मार्गदर्शनावर खर्च केलेल्या पैशाचा कित्येक पट मोबदला मिळाला, असे दावे पुष्कळदा केले जातात. अशा आकड्यामागे बहुधा त्या अधिकाऱ्याचा स्वतःचाच अंदाज असतो. आपली उत्तरपत्रिका आपणच तपासावी, त्यातला हा प्रकार आहे.

दुसरी फसगत अधिक सूक्ष्म आहे. समजा, चाळीस मुलांच्या वर्गातील सर्वांत कमी गुणांची पाच मुले आपण निवडली. त्यांतील एकास त्या दिवशी ताप होता, एकाला नेमका न वाचलेला भाग आला. पुढील चाचणीत या पाचांची सरासरी, काहीही जादा न शिकविता, थोडी वर चढण्याचाच संभव अधिक. आईबापांची उंची व मुलांची उंची यांच्या अभ्यासातून फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली हा टोकाकडून सरासरीकडे परतण्याचा नियम दाखवून दिला. कंपनीने सर्वांत कमी गुण मिळालेले अधिकारी निवडून त्यांस मार्गदर्शन दिले व पुढील वर्षी त्यांचे गुण वाढले, तर त्यातील किती वाढ मार्गदर्शनाची व किती या नियमाची, हे तुलनेच्या गटावाचून सांगता येत नाही. सर्वांस एकदम मार्गदर्शन देणे शक्य नसतेच. तेव्हा निम्म्यांस आधी व निम्म्यांस सहा महिन्यांनी द्यावे. प्रतीक्षेतील निम्मे हाच तुलनेचा गट होतो, आणि कोणावर अन्यायही होत नाही.

तिसरी फसगत आकड्यालाच ध्येय मानण्याची. तक्रारींची संख्या घटणे हे यश ठरविले की, तक्रारी मिटविण्याऐवजी त्या नोंदवूच न देण्याकडे कल होतो. म्हणून एका आकड्यावर विसंबू नये. कामाचा एक आकडा, हाताखालील माणसांचे मत व प्रत्यक्ष निरीक्षण, ही तिन्ही एकमेकांशी ताडून पाहावीत.

योग्य क्रम

वरील विवेचनावरून कंपनीतील चांगल्या मार्गदर्शनाचा क्रम पुढीलप्रमाणे मांडता येईल.

(१) कामातील कोणती अडचण दूर व्हावयाची आहे ते प्रथम ठरवावे. मार्गदर्शक मागाहून निवडावा.

(२) दिसू शकेल असे एक किंवा दोन वर्तन निवडून लिहून ठेवावे.

(३) आरंभीची स्थिती, हाताखालील माणसांकडून व कामाच्या नोंदींतून, मोजून ठेवावी. आरंभ मोजला नसेल तर शेवट मोजून काहीच कळत नाही.

(४) मार्गदर्शक व अधिकारी यांच्यातील बोलणे गुप्त राहील, मात्र ध्येय व प्रगती वरिष्ठास कळेल, हे आधीच सर्वांस सांगावे. विश्वासावाचून कोणी आपली उणीव उघड करीत नाही.

(५) वरिष्ठाने आपला वाटा कबूल करावा.

(६) मार्गदर्शन संपताच, त्यानंतर सहा महिन्यांनी व पुन्हा वर्षाने, तेच प्रश्न त्याच पद्धतीने विचारावेत.

(७) परिणाम दिसला नाही तर तसे स्पष्ट लिहावे. निष्फळ ठरलेली योजना थांबविता येणे, हाही मोजमापाचा लाभच आहे.

आपल्या शाळांच्या दृष्टीने

शाळा हा कारखाना नव्हे आणि मूल हे कापड नव्हे. मुलाच्या प्रगतीस अनेक कारणे असतात, व ती सारी मुख्याध्यापकाच्या नेतृत्वाच्या खाती जमा किंवा नावे टाकणे योग्य होणार नाही. परंतु तिसरी पायरी, म्हणजे वर्तन, शाळेतही पाहता येते. मुख्याध्यापक आठवड्यातून एकदा एका वर्गात शांतपणे बसतात काय? पाठ संपल्यावर शिक्षकाशी एखाद्याच मुद्द्यावर, दोष न काढता, बोलतात काय? शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठरलेली गोष्ट पुढील बैठकीत पुन्हा तपासली जाते काय? या प्रश्नांची उत्तरे ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘महिन्यातून इतक्या वेळा’ अशी देता येतात; आणि ती प्रशिक्षणापूर्वी व नंतर सहकाऱ्यांनीच द्यावयाची आहेत.

लहान शाळांची एक अडचण येथे नमूद केली पाहिजे. कंपनीत दहा माणसांच्या मतांत एकाचे मत झाकून जाते. दोनशिक्षकी शाळेत उत्तर कोणी दिले हे सांगावे लागत नाही. अशा ठिकाणी लेखी गुप्त मताचा आग्रह धरू नये. शेजारच्या दोन शाळांच्या मुख्याध्यापकांनी आळीपाळीने एकमेकांच्या शाळेत जाऊन निरीक्षण करावे व केंद्राच्या शिक्षण परिषदेत प्रत्येकाने आपण निवडलेले एकच वर्तन व त्यातील प्रगती सांगावी, हा मार्ग अधिक सोयीचा होईल. त्यास पैसा लागत नाही. पण नियमितपणा लागतो.

शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे किमान २०० व सहावी ते आठवीसाठी किमान २२० दिवस अध्यापनाचे ठरविलेले आहेत. मुख्याध्यापक किंवा शिक्षक प्रशिक्षणास जातो तो दिवस कोणत्या ना कोणत्या वर्गाच्या वाट्याचा असतो. त्या दिवसाचा मोबदला वर्गास मिळाला की नाही, हे विचारण्याचा अधिकार त्या वर्गाच्या शिक्षकास आहे. यापुढे नेतृत्व-प्रशिक्षणास जाणाऱ्या प्रत्येकाने निघण्यापूर्वी आपल्या सहकाऱ्यांस विचारून एक वर्तन वहीत लिहून न्यावे, आणि परतल्यावर सहा महिन्यांनी तीच वही उघडून त्याच सहकाऱ्यांसमोर ठेवावी. केंद्रप्रमुखांनी भेटीच्या वेळी हजेरीच्या दाखल्याआधी ती वही मागून पाहावी, अशी विनंती आहे.